शंकरपाळी कविता

कविता ही सुचावी लागते, असा आपल्याकडे एक जुना आणि पक्का समज आहे. घर बांधायचं तर आपण नकाशा काढतो, लग्न ठरलं तर याद्या करतो, काशीयात्रेला निघालेला माणूससुद्धा डब्यात दशम्या किती आणि धपाटे किती याचा आधी विचार करतो. कविता तेवढी आभाळातून थेट वहीत पडली पाहिजे! कवीनं खिडकीशी बसावं, हनुवटीखाली मूठ धरावी, आणि त्याला सुचेपर्यंत घरच्या मंडळींनी फोडणीसुद्धा दबक्या आवाजात करावी. अमक्याला कविता पहाटे सुचली, तमक्याला रेल्वेत सुचली, हे आपण कौतुकानं सांगतो. पण 'त्यानं कागदावर दोन रकाने पाडले, शब्दांची यादी केली, बारा शब्द खोडले आणि सात ओळी बसवल्या,' असं कुणी सांगितलं, तर आपल्याला वाटेल, हा गृहस्थ कवी आहे की वाणसामान आणायला निघालाय?

आणि नेमकी हीच, रकाने पाडून करायची कविता आमच्या इमारतीतल्या पोरांना एका मे महिन्यात शाळेनं करायला सांगितली होती. सुट्टीतला अभ्यास. विषय इंग्रजीचा, पण एक कविता मातृभाषेतही करून आणा, असा पुढे फतवा. पोरं त्या प्रकाराला 'डायमंटी' म्हणत होती. ती सगळी माझ्याकडे आली. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस; माझ्या हातून झालेलं सर्वांत मोठं लेखन म्हणजे वार्षिक ताळेबंद. तरी ती माझ्याकडेच आली, कारण छत्रपती संभाजीनगरच्या मे महिन्यात माझ्या काव्यगुणांपेक्षा आमच्या हॉलमधल्या कूलरची कीर्ती मोठी आहे. त्याच्यासमोर चौघं मांडी घालून, तिघं पालथी पडून आणि एकजण थेट त्याच्या जाळीला नाक लावून, अशी आमची शाळा भरली. दाराशी, जिथं कूलरचा वारा दमूनभागून पोचतो, तिथं आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी बसे. मराठी शाळेत पाचवीत होती. सुट्टीत घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून मावशी तिला बरोबर आणत. सगळे तिला छोटी म्हणत. तिला डायमंटीचा अभ्यास नव्हता. ती आपली वाऱ्याला बसे.

या प्रकाराचं मूळ नाव दियामान्ते. इटालियन भाषेत दियामान्ते म्हणजे हिरा. १९६९ साली आयरिस टीड्ट नावाच्या अमेरिकन बाईंनी तो बेतला. त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला, त्यामुळे या घटनेकडे जगाचं जरा दुर्लक्ष झालं असावं. ओळी सात. पहिलीत शब्द एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत चार. मग उतरत पुन्हा तीन, दोन, एक. एकूण सोळा. सतरावा शब्द आला तर त्याला दारातूनच परत पाठवायचं. पहिल्या ओळीत एक नाम. दुसरीत त्याची दोन विशेषणं. तिसरीत ते काय काय करतं ते सांगणारे तीन शब्द. चौथ्या ओळीत चार नामं, आणि खरी गंमत इथं आहे. त्यातली पहिली दोन वरच्या नामाच्या घरची आणि पुढची दोन खालच्या नामाच्या घरची. म्हणजे ओळीच्या ऐन मध्यावर कविता कूस बदलते. पाचव्या आणि सहाव्या ओळीत पुन्हा तीन कामं, दोन विशेषणं, आणि सातवीत एकच नाम. ते पहिल्याच्या उलट. 'दिवस' म्हणून सुरुवात केलीत तर 'रात्र' म्हणून शेवट. समानार्थी नामांचीही यात सोय आहे, पण पोरांना भांडणं आवडतात. सगळ्यांनी विरुद्धार्थीच घेतलं.

ही सात ओळींची मांडणी कागदाच्या मधोमध केली की हिऱ्याचा आकार दिसतो, असं त्यांच्या कागदावर छापलं होतं. आता हिरा आमच्या पोरांनी कुठं पाहिलेला? एक म्हणाला, पतंग. दुसरा म्हणाला, चौकटचा एक्का. लगेच त्याच्या बहिणीनं, 'हा पत्ते खेळतो, आईला सांगणार,' असं जाहीर केलं. एवढ्यात स्वयंपाकघरातून आमची ही बाहेर आली, कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "अहो, ही तर शंकरपाळी!"

प्रश्न मिटला. त्या दिवसापासून आमच्या इमारतीत दियामान्तेला शंकरपाळी कविता म्हणतात. टीड्टबाईंनी राग मानू नये. हिरा तिजोरीत राहतो, शंकरपाळी डब्यात राहते आणि मूठमूठ वाटता येते.

पण शंकरपाळी मराठीत कातायला बसलं की कळतं, मैदा वेगळा आहे. इंग्रजीत तिसऱ्या आणि पाचव्या ओळीत शब्दाच्या शेवटी 'इंग' लावलं की काम भागतं. नदीला इंग, बैलाला इंग, मेव्हण्यालाही इंग. मराठीत 'णारा' लावायला जावं, तर तो आधी विचारतो, मी णारा, णारी की णारं? दिवस उगवणारा, रात्र पडणारी, चांदणं सांडणारं. दिवस आणि रात्र घेऊन बसलेल्या मुलाच्या वरच्या अर्ध्यात सगळे णारा झाले आणि खालच्या अर्ध्यात सगळ्या णारी. "म्हणजे वरचा मजला जेन्ट्स आणि खालचा लेडीज," असा त्यानं निष्कर्ष काढला. मराठी व्याकरणाचा इतका सुटसुटीत सारांश मी आजवर ऐकला नव्हता.

दुसरी अडचण आकाराची. शब्द मोजून घेतले तरी शब्दांची पोटं काही सारखी नसतात. एका मुलीनं दुसऱ्या ओळीत 'अविस्मरणीय, हृदयस्पर्शी' असे दोन पैलवान उतरवले आणि चौथ्या ओळीत 'ऊन, घाम, ढग, सर' अशी चार चिल्लीपिल्ली. शंकरपाळीचा डमरू झाला. तिसऱ्या एकाला शहरावर कविता करायची होती. तो बोटं मोजून म्हणाला, "आजोबा, पहिल्या ओळीत एकच शब्द पाहिजे, आणि छत्रपती संभाजीनगर हे तर दोन होतात." मी त्याला सांगितलं, मलिक अंबरनं १६१० साली हे गाव वसवलं तेव्हा त्याचं नाव खडकी होतं, एका शब्दाचं. त्यानं खिडकीतून बाहेरचं ऊन पाहिलं आणि म्हणाला, "नाव बदललं तरी खडक तेवढेच तापतात." आणि विषय बदलून 'शाळा-सुट्टी' घेतली.

आता शिकवायचं कसं? कविता कशी सुचते ते मला ठाऊक नाही, पण खातं कसं लिहितात ते ठाऊक आहे. मी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. अगदी आपल्या देशी रोजमेळासारखी. डाव्या बाजूला पहिलं नाम, उजव्या बाजूला उलटं नाम. आणि हुकूम केला, की कविता लिहायची नाही. नुसत्या नोंदी करायच्या. कसं दिसतं, काय करतं, त्याच्या आजूबाजूला काय काय असतं. दोन्ही बाजूंना निदान पंधरा-पंधरा नोंदी झाल्याशिवाय कुणी ओळ पाडायची नाही. मग निवड. प्रत्येक बाजूला एक नाम, दोन विशेषणं, तीन कामं आणि मधल्या ओळीतली दोन नामं, म्हणजे आठ शब्द. आठ जमा, आठ नावे. ताळा जमला! सही करा आणि घरी जा.

ज्यांनी संगणकापूर्वीच्या बँकेत नोकरी केली, त्यांना यातला आनंद कळेल. दिवसअखेर दहा पैशांचा फरक आला तर आम्ही रात्री नऊपर्यंत तो शोधत बसायचो. खिशातून दहा पैसे टाकून सुटायची परवानगी नव्हती. मुलांनाही तीच शिस्त. आठाऐवजी नऊ शब्द झाले तर एक कमी करा, पण कुठला, ते तुमचं तुम्ही शोधा. पंधरांतून आठ ठेवायचे म्हणजे सात टाकायचे, आणि टाकताना ठेवलेल्याकडे नीट बघावं लागतं. 'छान', 'सुंदर', 'मस्त' ही मंडळी पहिल्या झडतीतच बाहेर पडतात, कारण ती कुणाच्याही घरात राहायला तयार असतात.

"आता खर्डा करा," मी म्हटलं.

आमच्यात एक मुलगा आहे. त्याला मी मनातल्या मनात प्रश्नोपनिषद म्हणतो. तो म्हणाला, "खर्डा म्हणजे हिरव्या मिरचीचा ना?"

पत्तेवाला म्हणाला, "नाही रे, खर्ड्याची लढाई. १७९५. मराठे विरुद्ध निजाम."

मी म्हटलं, पोरांनो, तिन्ही खरं. कच्चं लिहिणं म्हणजे खर्डा. तो करताना लढावं लागतं आणि झाल्यावर झोंबतो.

या कारखान्याची बातमी वरच्या मजल्यावर गेली. तिथं एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. जुने काव्यप्रेमी. ते खाली आले, फळ्यावरचे जमा-नावे पाहून खुर्चीत बसले, आणि खिन्नपणे म्हणाले, "कवितेला साचा? अहो, ही काय जिलबी आहे?"

"जिलबीलाही हात बसावा लागतो, भाऊ," आमची ही आतून म्हणाली. आमच्या घरातले वाङ्मयीन वाद बहुतेक वेळा स्वयंपाकघरातूनच सुटतात.

पण मीही थोडी तयारी ठेवली होती. त्यांना म्हटलं, बारामतीच्या मोरोपंतांचं घ्या. १०८ रामायणं लिहिली म्हणतात. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. म्हणजे ओठाला ओठ लागेल असं अक्षर त्यात घ्यायचं नाही. प, फ, ब, भ, म, सगळे वर्ज्य. रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही! हे काही खिडकीशी बसून सुचलं नसेल. कुठंतरी वर्ज्य अक्षरांची यादी टांगलेली असणार, आणि पंत आरशासमोर ओठ हलवून बघत असणार. त्याच्याही आधी भारवीनं किरातार्जुनीयाच्या १५व्या सर्गात आणि माघानं शिशुपालवधाच्या १९व्या सर्गात असे श्लोक बसवले, की चौकोनात मांडून सरळ वाचा, उलटे वाचा, वरून खाली वाचा, तेच निघतं. त्यांच्यापुढे आमची शंकरपाळी म्हणजे बालवाडी.

"ती चित्रकाव्यं हो," गृहस्थ म्हणाले. "तो बुद्धीचा खेळ. त्यात हृदय कुठाय?"

मग मी पैठणला गेलो; म्हणजे बोलण्यात. पैठण आमच्याहून पन्नासेक किलोमीटरवर. तिथं एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी जे घुसवलं होतं, ते पारखून बाजूला काढलं. एका थोर कवीनं दुसऱ्या थोर कवीच्या ओळीतला एकेक शब्द तपासत बसायचं, याला हृदय लागत नाही असं कोण म्हणेल? आणि वेरूळ तर त्याहूनही जवळ. तिथलं कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळचं. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणला. आधी शिखर, मग खालचं. आमची कविताही वरच्या टोकापासूनच सुरू होते. फरक एवढाच, की त्या कारागिरांजवळ खोडरबर नव्हतं. छिन्नी मारायच्या आधी सगळं मनात पक्कं असल्याशिवाय तो हत्ती तिथं उभा राहिला नसता.

गृहस्थ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी खिशातून एक कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. 'पेन्शन' पासून 'महागाई' पर्यंत शंकरपाळी होती. शब्द सतरा. मी एक कमी करायला सांगितला, तर म्हणाले, महागाईच्या बाजूला एक जास्तच असायला पाहिजे. हा मुद्दा मात्र बिनतोड होता.

आठवड्याभरात खर्डे यायला लागले. 'उन्हाळा-पावसाळा' चार जणांनी केली. चारही सारख्या, कारण चौघं एका सोफ्यावर बसली होती. 'शाळा-सुट्टी'वाल्याची सुट्टीची बाजू भरून वाहत होती आणि शाळेच्या बाजूला तो 'घंटा' या एकाच शब्दावर तीन दिवस अडला होता. पण प्रश्नोपनिषदानं कमाल केली. त्यानं पक्की प्रत आणली ती अशी:

नळ
कोरडा, रुसलेला
शिंकणारा, खोकणारा, झोपणारा
तोटी, बादली, हॉर्न, पाइप
धावणारा, गळणारा, भिजवणारा
गलेलठ्ठ, लाडका
टँकर

मी म्हटलं, "अरे, नळाचा विरुद्धार्थी शब्द टँकर, हे कुठल्या व्याकरणात?"

"आपल्या गल्लीत," तो म्हणाला.

यावर मला उत्तर नव्हतं. पैठणचा नाथसागर एवढा जवळ असून नळाला पाणी वर्षानुवर्षं रोज आलेलं नाही. इथल्या पोरांना सोमवार-मंगळवार नंतर कळतात, पाण्याचा वार आधी कळतो. पाणी यायच्या आधी नळ शिंकतो आणि खोकतो, हे या गावात वाढलेल्या मुलालाच लिहिता येतं. लंडनच्या मुलाला वाटेल, कवीनं कल्पनाशक्ती लढवली. आणि ही नोंद त्याच्या यादीत चौदावी होती. पहिल्या तेरांत 'लोखंडी', 'उपयोगी', 'पाणी देणारा' असं पुस्तकातलं होतं. पुस्तकातलं संपल्यावर मग बिचाऱ्याला खऱ्या नळाकडे जाऊन उभं राहावं लागलं. यादीचा फायदा असा तेराव्या नोंदीनंतर सुरू होतो.

तोवर दाराशी बसणारी छोटी माझ्या लक्षात आली ती पेन्सिलीमुळे. तिनं भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान मागून घेतलं होतं आणि त्यावर मधोमध रेघ मारली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. डावीकडे लिहिलं होतं 'आई', उजवीकडे 'बाबा'. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर 'बाबा' खोडलेलं.

"का गं?"

"बाबा वेगळे आहेत. उलट नाहीत."

ही गोष्ट मोठमोठ्या माणसांना लग्नाच्या रौप्यमहोत्सवापर्यंत उमगत नाही. मी गप्प बसलो. डावी बाजू भरत होती: उबदार, बडबडी, हसणारी, खोकला झाला की ओवा देणारी. उजवी कोरी. दोन दिवस कोरीच. तिसऱ्या दिवशी मावशी आमच्या हॉलमध्ये फरशी पुसत होत्या, पोरं पाय वर घेऊन सोफ्यावर बसली होती, आणि छोटी दारातून आपल्या आईकडे बघत होती. बघता बघता तिनं मान खाली घातली आणि उजवी बाजू भरायला लागली. भरभर, जशी काही कुणी सांगत होतं आणि ती उतरवून घेत होती.

यादी झाली तेव्हा तिनं ती मला दाखवली. एका शब्दावर बोट ठेवलं. 'दमलेली'. तो शब्द दोन्ही बाजूंना होता.

"आजोबा, हा कुठं घेऊ?"

"तुला कुठं वाटतो?"

"दोन्हीकडं असतो." मग जरा विचार करून तिनंच विचारलं, "पण जो दोन्हीकडं असतो तो उलट कसा होईल?"

आमच्या बँकेत जी रक्कम जमेलाही यायची आणि नावेलाही यायची, तिला आम्ही कॉन्ट्रा म्हणायचो. दोन्हीकडून ती सारखीच असल्यानं शिल्लक हलत नसे. छोटीनं पेन्सिल घेतली आणि शब्द दोन्ही बाजूंनी खोडला. अलगद, एकेरी रेघेनं. वाचता येईल असा.

शनिवारी सगळ्यांच्या शंकरपाळ्या वाचायचं ठरलं. हिनं खऱ्या शंकरपाळ्या केल्या होत्या, म्हणून उपस्थिती शंभर टक्के. उन्हाळे-पावसाळे पार पडले, टँकरला टाळ्या मिळाल्या, वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सतरा शब्द बाणेदारपणे वाचले. शेवटी पत्तेवाल्यानं छोटीला पुढं ढकललं. ती उभी राहिली आणि पाठ केल्यासारखी वाचायला लागली:

आई
उबदार, बडबडी
हसणारी, गाणारी, रागावणारी
मांडी, गोष्ट, झाडू, फडकं
वाकणारी, पुसणारी, ऐकणारी
चटपटीत, गप्प
बाई

कूलर तेवढा घरघरत होता. प्रश्नोपनिषद म्हणाला, "बाई म्हणजे टीचर?"

"नाही," छोटी म्हणाली. "बाई म्हणजे बाई. 'आज आमच्याकडं बाई आली नाही', ती."

त्यानं मान डोलावली आणि बोटांवर शब्द मोजले. आठ आणि आठ. तक्रारीला जागा नव्हती. आमची ही शंकरपाळ्यांचं ताट हातात घेऊन तशीच उभी होती. मावशींना बडबडी म्हणून आमच्या इमारतीत कुणी ओळखत नव्हतं. गाणारी तर नाहीच.

आणि त्याच वेळी मावशी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. हात ओले, पदर खोचलेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "काका, किती शब्द झाले म्हणे?"

"सोळा."

"मी चार घरचं करते," मावशी म्हणाल्या. "घरटी चार पडले. बरोबर आहे."

सगळ्यांच्या आधी त्या स्वतःच हसल्या, तेव्हा आम्हालाही हसता आलं. पोरं ताटावर तुटून पडली. हिनं मावशींचा हात धरून त्यांना पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः चहा टाकायला गेली. मावशी खुर्चीच्या कडेवर बसल्या, बस येईपर्यंत बसतात तशा. पण बसल्या. आणि मग बोलायला लागल्या. छोटीला तान्हेपणी झोप कशी येत नसे, आणि ती येण्यासाठी जात्यावरची गाणी कशी म्हणावी लागत, आणि ती त्यांना कुणाकडून आली. अर्धा तास बोलत होत्या. बडबडी हा शब्द छोटीनं उगीच ठेवला नव्हता.

मी छोटीला म्हटलं, "शेवट जरा लवकर झाला बघ. 'बाई'वर संपली, आता पुढे काय?"

तिनं कागद माझ्या समोर धरला. "संपत नाही, आजोबा. संध्याकाळी खालून वर वाचायची."

मी खालून वर वाचून पाहिली. बाई, चटपटीत, गप्प, पुसणारी, वाकणारी, मग फडकं खाली ठेवलं जातं, झाडू कोपऱ्यात जातो, आणि थेट मांडी, गोष्ट, गाणं, बडबड, आई. माघाचे श्लोक उलटे वाचले तरी तेच निघतात, याचं मला फार कौतुक होतं. हिची उलटी वाचली की बाई घरी पोचते.

पक्क्या प्रती पोरांनी रंगीत कागदावर उतरवून, कडेनं चमकी लावून शाळेत नेल्या. गुण किती मिळाले ते मला ठाऊक नाही. खर्डे मात्र मी मागून घेतले. बँकेतल्या माणसाला कच्ची चिठ्ठीसुद्धा फाडवत नाही. पक्क्या वहीत आकडा येतो, तो कुठून आला ते चिठ्ठीलाच माहीत असतं. नळाच्या पहिल्या तेरा नोंदी माझ्याकडे आहेत. 'घंटा' आहे. आणि कॅलेंडरचं ते पाठकोरं पान आहे, एकेरी रेघेनं दोनदा खोडलेल्या एका शब्दासकट. ते पान मी फायलीत सर्वांत वर ठेवलं आहे.

सोमवारी मावशी नेहमीच्या वेळी आल्या. दारात चप्पल काढता काढता त्यांनी मला सांगितलं, "आज बाराच शब्द, काका. एक घर गावाला गेलंय."